रुपयाला बोल लावण्याआधी बिल वाचा

सिंगापूरहून सुटलेल्या चार रात्रींच्या क्रूझची ती शेवटची रात्र. बॅगा पट्ट्या बांधून बाहेर ठेवून झाल्या होत्या. पहाटे कधीतरी दाराखालून एक लखोटा आत सरकला. सौभाग्यवतींनी चष्मा लावला आणि दिव्याखाली धरून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. वायफाय, दोन फोन. बाटलीबंद पाणी. जपानी रेस्टॉरंट. जहाजावर चढताना लाइफबॉय हातात धरून काढलेला फोटो, वीस डॉलर. "अहो, हा फोटो आपण घेतला कधी?" घेतला होता, मीच. तळाची बेरीज पाहून मी मनातल्या मनात गुणाकार केला आणि म्हणालो, "काय करणार, रुपयाच पडलाय." त्यावर ती म्हणाली, "रुपया पडला खरा, पण सह्या तुमच्या आहेत."

माझा आजचा पक्ष तिचाच आहे.

पूर्वपक्ष मात्र तगडा आहे, आणि तो घरोघरी ऐकू येतो. रुपया इतका घसरलेला असताना परदेशी क्रूझ म्हणजे उधळपट्टी. अंथरूण पाहून पाय पसरावेत. रुपया जरा सावरला की बघू. यातलं 'सावरला की' तेवढं तपासून पाहू. ६ जून १९६६ ला एका रात्रीत डॉलर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर गेला. जुलै १९९१ मध्ये तीन दिवसांत दोनदा अवमूल्यन झालं. २०११ च्या सुरुवातीला डॉलर पंचेचाळीसच्या आसपास होता, जुलै २०२२ मध्ये त्याने ऐंशी गाठली, डिसेंबर २०२५ मध्ये नव्वद ओलांडली. मधे रुपया वर आलाच नाही असं नाही. २००७ च्या अखेरीस डॉलर चाळिशीच्याही खाली उतरला होता. पण तो उतार पुन्हा येईल म्हणून थांबलेला माणूस अजून भाऊच्या धक्क्यावरच उभा असेल. कर्ज काढून जायचं असेल तर जाऊ नये, हे मलाही मान्य आहे. 'नो कॉस्ट' म्हणवणाऱ्या हप्त्यातही प्रोसेसिंग फी असते आणि व्याजावरचा जीएसटी असतो. ज्याच्याकडे पैसे साठलेले आहेत त्याला मात्र 'थांब' हा सल्ला देण्यात शहाणपण नाही.

आता हिशेबच मांडू. समजा, दोघांच्या सफरीचा खर्च, तिकीट, बंदर-शुल्क आणि टिपा धरून, एक हजार डॉलर. ऑक्टोबर २०२४ मध्ये डॉलर ८४ च्या घरात होता, म्हणजे ८४ हजार रुपये. ९० च्या भावाने तेच ९० हजार. रुपयाने आपल्या खिशातून काढले सहा हजार. त्याच जहाजावर पेयांचं पॅकेज माणशी दिवसाला सत्तर डॉलर धरा. दोघांचे चार दिवसांचे ५६० डॉलर, वर १८ टक्के सेवाशुल्क. झाले साधारण ६६१ डॉलर, म्हणजे एकोणसाठ हजारांच्या वर. शिवाय एका केबिनमधल्या एकाने मद्याचं पॅकेज घेतलं की दुसऱ्या प्रौढालाही ते घ्यावंच लागतं, असा अनेक कंपन्यांचा नियम आहे. दुसरा माणूस वारकरी असला तरी. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच. सहा हजारांसाठी रिझर्व्ह बँकेला बोल लावायचा आणि साठ हजारांवर हसत हसत सही करायची, हा कुठला न्याय?

दुसरा पूर्वपक्ष जरा हुशार लोकांचा आहे. ते म्हणतात, रुपयांतलं पॅकेज घ्या, चलनाची भानगडच नको. ऐकायला बरं वाटतं. त्या पॅकेजचा कागद मात्र उलटा करून वाचावा. तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की चलनाचा दर पूर्ण रक्कम भराल त्या दिवशीचा. म्हणजे जाहिरात रुपयांत आणि जोखीम डॉलरमध्ये, तीही तुमची. टिपा, व्हिसा आणि बंदरावरच्या सहली बहुधा 'वगळून' असतात. एजंट लबाड असतो असं मी म्हणत नाही. आमच्या एजंटने विचारल्यावर सगळं फोडून सांगितलं; आम्ही विचारलं नव्हतं, एवढंच.

तिसरा सल्ला तर सरळ आयात केलेला आहे: शेवटच्या क्षणी बुकिंग करा, रिकाम्या केबिन मातीमोलाने मिळतात. मिळतात, पण मायामीच्या धक्क्यापासून दोन तासांवर राहणाऱ्याला, ज्याला व्हिसा लागत नाही आणि विमानही लागत नाही. ठाण्याच्या माणसाला बार्सिलोनाहून सुटणारं जहाज गाठायचं तर शेंगेन व्हिसाची तारीखच आठवडेच्या आठवडे मिळत नाही. त्याचं शुल्क जून २०२४ पासून प्रौढाला ९० युरो, आणि व्हिसा नाकारला तरी ते परत नाही. शिवाय ऐन वेळचं विमानाचं तिकीट केबिनमध्ये वाचवलेले पैसे दामदुपटीने वसूल करतं. आपल्याला फायदा लवकर ठरवण्यात आहे. रद्द केल्यास परत मिळणारी अनामत भरून केबिन धरून ठेवावी आणि उरलेली रक्कम भरण्याच्या तारखेपर्यंत भाव उतरला का, ते पाहत राहावं.

परदेशी सहलीच्या पॅकेजवर कापला जाणारा टीसीएस म्हणजे गेले पैसे, हा समज तर दोन ओळींत निकाली निघतो. तो आगाऊ जमा झालेला कर आहे. २६एएस फॉर्ममध्ये दिसतो आणि विवरणपत्र भरताना वळता होतो किंवा परत मिळतो. पैसे काही महिने अडकतात, हे खरं.

मग माझं म्हणणं काय? क्रूझमध्ये राहणं, जेवण आणि एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जाणं, या तिन्हींची किंमत घर सोडण्याआधी ठरते. लंडन-पॅरिसच्या सहलीत रोज सकाळी नव्या भावाने नाश्ता करावा लागतो, इथे तसं नाही. पडत्या चलनाच्या माणसाला परदेश बघायचा असेल तर खर्च आधीच बांधून घेता येण्याइतकी सोयीची दुसरी चीज नाही. मात्र उरलेली भोकं आपणच बुजवायची.

सर्वांत मोठं भोक खिशातलं कार्ड. बहुतेक भारतीय क्रेडिट कार्डं परकीय व्यवहारावर दोन ते साडेतीन टक्के आकारतात आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. साडेतीनचे चार टक्क्यांच्या वर जातात. ८४ वरून ९० वर जायला डॉलरला वर्षाहून जास्त लागलं, आणि ती चढ होती सात टक्क्यांची. त्यातली निम्म्याहून अधिक तुमचं कार्ड एकदा घासलं की वसूल. म्हणून असं शुल्क न घेणारं कार्ड किंवा आधी डॉलर भरून ठेवलेलं फॉरेक्स कार्ड न्यावं. दुकानातल्या मशीनने 'रुपयांत की स्थानिक चलनात' असं विचारलं तर स्थानिक चलन. रुपये म्हटलं की भाव ते ठरवतात. आणि फोन जहाज सुटायच्या आधी फ्लाइट मोडवर. भर समुद्रात तो जहाजाच्या उपग्रहाच्या नेटवर्कला जोडला गेला, तर नुसत्या 'पोहोचलात का?' या चौकशीचं बिल जेवणापेक्षा मोठं येतं.

बंदरावरची सहल हा दुसरा सापळा. पेनांगला स्वेटनहॅम पिअरवर जहाज लागलं की समोर जॉर्जटाऊनच. आम्ही चालत लिटल इंडियात गेलो, इडली खाल्ली, चालत परत आलो. मलेशियाने डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसाही माफ केलेला. जहाजावर त्याच गावाच्या बससहलीची पाटी डॉलरमध्ये लागली होती. पण हा शहाणपणा सगळीकडे चालवू नये. पोर्ट क्लांगहून क्वालालंपूर चाळीस किलोमीटरच्या पुढे. स्वतःच्या टॅक्सीने गेलात आणि रहदारीत अडकलात तर जहाज थांबत नाही. ते थांबतं फक्त स्वतःच्या सहलीच्या बससाठी. तिथे पैसे द्यावेत.

आणखी दोन ठिकाणी काटकसर करू नये. एक, प्रवास विमा. तो रुपयांत मिळतो आणि जहाजावरचा डॉक्टर डॉलरमध्ये. दुसरं ठिकाण म्हणजे टिपा. माणशी रोजचे पंधरा-वीस डॉलर बिलावर लावलेले असतात, आणि काही सहप्रवासी पहिल्याच दिवशी काउंटरवर जाऊन ते काढून टाकतात आणि वर फुशारकी मारतात. आमची केबिन आवरणारा मुलगा साष्टीचा होता. गोव्यात जहाजावर नोकरी करणाऱ्याला तारवटी म्हणतात, आणि तिथली कित्येक घरं तारवटीच्या पैशांवर उभी आहेत. त्याचा पगार डॉलरमध्ये. जो पडलेला रुपया आपल्याला बोचतो तोच त्याच्या आईच्या हातात चार पैसे जास्त टाकतो. त्याच्या ताटातले काढून आपली सफर स्वस्त करायची असेल तर ती न केलेली बरी. टिपा निघण्याआधी एजंटकडेच भराव्यात, म्हणजे त्यांचाही भाव ठरून जातो.

डॉलरचं नावच नको असेल त्यांच्यासाठी मुंबईहून सुटणारं कॉर्डेलियाचं 'एम्प्रेस' आहे. १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेलं आणि पूर्वी अमेरिकी पर्यटकांना फिरवलेलं हे जहाज २०२१ पासून गोवा-लक्षद्वीप करतं. तिकीट रुपयांत, व्हिसा नाही, आणि बॅलार्ड पिअरला २०२५ पासून नवं टर्मिनलही झालंय. बोटीने रत्नागिरी-मालवण गाठणाऱ्या पिढीला त्यात काय ते अप्रूप वाटणार नाही, पण पहिल्या क्रूझसाठी मी तेच सुचवतो. सही करण्याआधी वाचायची सवय रुपयांत लावून घेतलेली बरी.

तेव्हा एजंटकडे जाल तेव्हा 'पॅकेजमध्ये काय काय आहे' हे विचारू नका, ते तो न विचारताही सांगेल. काय काय नाही, ते कागदावर लिहून घ्या. आणि जहाजावर शेवटच्या पहाटेची वाट पाहू नका. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी काउंटरवर जाऊन तोवरचं बिल मागा. ते फुकट मिळतं.