चलान पोहोचते, रुग्णवाहिका कधी?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ पासून कॅमेरे वेग, सीटबेल्ट आणि लेनची शिस्त यांवर नजर ठेवत आहेत. अनेक वाहनचालकांच्या लेखी ही निव्वळ दंडवसुली. शरीर मात्र कॅमेऱ्याच्या बाजूने आहे. ताशी १०० वरून १२० किलोमीटरवर गेले, की वेग वाढतो २० टक्के. टकरीतली ऊर्जा वाढते ४४ टक्के. ती शेवटी बरगड्या, यकृत, प्लीहा आणि मेंदूला सोसावी लागते. कॅमेरा दिसला की ब्रेक, मागे पडला की पुन्हा सुसाट, या चलाखीवर दोन ठिकाणांमधला सरासरी वेग मोजणे हा चांगला उतारा आहे.

इथपर्यंत ठीक. पण टक्कर झाल्यानंतर काय? प्लीहा फाटलेला माणूस कधी कधी स्वतःच्या पायांनी गाडीतून उतरतो, ‘मला काही झालं नाही’ म्हणतो आणि पोटातल्या रक्तस्रावाने थोड्या वेळात कोसळतो. बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडून श्वास कोंडायला तर काही मिनिटे पुरतात. ‘गोल्डन अवर’ची व्याख्या २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात आली. त्यातली मोलाची मिनिटे ‘ढाब्याच्या पुढे, पुलाच्या अलीकडे’ असा पत्ता सांगण्यात जातात.

युरोपीय संघात ३१ मार्च २०१८ पासून मोटारींच्या नव्या मॉडेलांना ‘ई-कॉल’ सक्तीचा आहे. जोराच्या धडकेत एअरबॅग उघडली, की गाडी स्वतःच ११२ क्रमांकाला फोन लावते; ठिकाण आणि प्रवासाची दिशाही कळवते. आतले सगळे बेशुद्ध असले तरी. आपल्याकडे ११२ आहे, १०८ची रुग्णवाहिकाही आहे. गाडीने स्वतः हाक मारावी, ही सक्ती इथेही करायला काय हरकत आहे?

तरीही मोठा भाग सुटतोच. २०२२ मध्ये देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची. सर्वसाधारण दुचाकीला एअरबॅग नाही आणि द्रुतगती मार्गावर तिला प्रवेशही नाही. म्हणजे सर्वांत हुशार यंत्रणा उभी आहे तिथे सर्वाधिक मरणारे फिरकतच नाहीत. यापुढचा पैसा तालुक्याच्या गावांमधून जाणाऱ्या राज्य मार्गांवर, अपघाताच्या ठरलेल्या वळणांवर आणि चौकांत जायला हवा. आणि यंत्रणेच्या अहवालात चलानांच्या आकड्याशेजारी आणखी एक रकाना असावा: अपघातानंतर रुग्णवाहिका किती मिनिटांत पोहोचली.