तळ्यातला मासा आजारी पडला तर कुणाकडे जायचे?

मा. मत्स्यव्यवसाय आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

महोदय,

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. कर्ज, विमा, वीजदर यांत मत्स्यशेतकरी आता कास्तकाराच्या बरोबरीला येणार, याचा आम्हा वणीकरांना मनापासून आनंद आहे. पण कास्तकाराची गाय आजारी पडली तर तालुक्याला जनावरांचा दवाखाना आहे. शेततळ्यातले रोहू-कटला आजारी पडले तर मत्स्यशेतकऱ्याने कुणाचे दार ठोठावायचे?

वर्धा आणि पैनगंगेच्या काठचा आमचा वणी तालुका बाहेर ओळखला जातो तो कोळशामुळे. भोई-ढिवरांची मासेमारी मात्र खाणींपेक्षा कितीतरी जुनी. उन्हाळ्यात तळ्याचे पाणी उतरते, मासे तेवढेच राहतात, तळाच्या गाळातून अमोनिया वाढतो आणि पहाटे प्राणवायू कमी पडून मासे वर तोंड काढू लागतात. एरोमोनास हा जिवाणू पाण्यात एरवीही असतोच. अशा अशक्त झालेल्या माशावर तो चढतो. पोट पाण्याने फुगते, खवले उभे राहतात, डोळे बाहेर येतात, अंगावर लाल जखमा पडतात. मग मरतुक सुरू होते.

खरी अडचण पुढे आहे. लाल जखम एरोमोनासमुळे पडते, तशीच ती १९८८ च्या सुमारास भारतात शिरलेल्या व्रण-रोगातही पडते, आणि तो रोग बुरशीसारख्या जीवामुळे होतो. आर्ग्युलस ही उवेसारखी कीड चावली तरी जखम होते आणि तिच्यात नंतर जिवाणू शिरतात. बुरशीवर किंवा किडीवर प्रतिजैविक चालत नाही. तरी तपासणीची सोय हाताशी नसलेला माणूस दुकानदार देईल ती पुडी खाद्यात कालवतो. त्यात दोष त्याचा नाही. मासे वाचत नाहीत, पैसा जातो, आणि औषधाला न जुमानणारे जिवाणू तळ्यात मागे राहतात. तोच मासा, औषधाचा अंश अंगात घेऊन, बाजारात आपल्या ताटापर्यंत येतो.

केंद्राने २०२३ मध्ये मत्स्यरोग कळवण्याचे अ‍ॅप आणले, ते चांगलेच आहे. पण फोटोत जखम दिसते, जिवाणू दिसत नाही. त्यासाठी नमुनाच लागतो, तोही आजारी जिवंत माशाचा किंवा नुकत्याच मेलेल्या, बर्फात ठेवलेल्या माशाचा. उन्हात पडून कुजलेला मासा तपासून काही कळत नाही. नागपूरला पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. पण वणीहून ते सव्वाशे किलोमीटरच्या आसपास पडते. एवढ्या वाटेने आजारी मासा घेऊन एकट्या शेतकऱ्याने जावे, ही अपेक्षा चुकीची आहे.

म्हणून विनंती अशी, की वणीत प्रशिक्षित माणूस, सूक्ष्मदर्शक, पाणी तपासण्याचा संच आणि बर्फपेटी एवढे तरी द्यावे. इथून नमुना नागपूरला जावा आणि कोणते औषध लागू पडेल, किंवा औषधाची गरजच नाही, नुसते पाणी बदलून चुना टाकला तरी पुरे, हे शेतकऱ्याला चार-पाच दिवसांत फोनवर मराठीत कळावे. येत्या उन्हाळ्याआधी ही सोय सुरू करावी.

आपला,
वणीचा एक रहिवासी