दोन बोटे खाली

आमच्या इंदुरातील घरासमोर एक जुनी मारुती ८०० उभी असते. १९८३ साली रस्त्यावर आलेल्या आणि २०१४ साली निर्मिती थांबलेल्या या जातीच्या गाडीस आता म्हातारी म्हणावयास हरकत नाही. पण आमच्या भाच्याचा तिच्यावर जीव. गेल्या महिन्यात तो म्हणाला, "मामा, हिला दोन बोटे खाली बसवू. दिसेलही छान आणि वळणावर कलणारही नाही."

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. आखूड व ताठ स्प्रिंगांनी गाडीचा गुरुत्वमध्य खाली येतो आणि कल कमी होतो. परंतु एका मिस्त्रीने त्याला स्वस्त तोड सुचविली होती: आहे त्याच स्प्रिंगांचा एकेक वेढा गॅसने कापावयाचा! आम्ही हादरलो. आचेने पोलादाचे पाणी उतरते आणि चाक खड्ड्यात लोंबकळताच कापलेली स्प्रिंग बैठकीतून निसटू शकते. शिवाय दाबलेली स्प्रिंग म्हणजे कोंडलेले बळ. ती कॉम्प्रेसरने आवळल्यावाचून वरचा नट सोडला, तर माणूस जायबंदी होतो.

वाचकहो, "नको" म्हणणे सोपे होते. पण नुसत्या नकाराने मुलांचा हट्ट सुटत नाही, तो आपल्या नजरेआड जातो. म्हणून आम्ही त्याच्या हाती मोजपट्टी दिली. चौघे आत बसल्यावर गाडीचे पोट जमिनीपासून १२.५ सेंटिमीटर; गल्लीच्या तोंडाचा अरुंद गतिरोधक ११. दोन बोटांचे ३.५ वजा केल्यावर उरले ९. याच गाडीतून आठवड्यातून दोनदा आमच्या मातोश्रींना डायलिसिसला न्यावे लागते. भाचा गप्प झाला. नोंदणीपत्राशी न जुळणारा फेरफार मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ला चालत नाही, हेही मग आम्ही त्याला सांगितले.

अखेर थकलेल्या स्प्रिंगांच्या जागी मूळ उंचीच्याच नव्या बसविल्या, सोबत चारही शॉकॲब्सॉर्बर बदलले. रबरी बुशांचे बोल्ट चाके जमिनीवर टेकल्यावरच शेवटचे आवळावे, एरवी रबर पिळवटून लवकर फाटते, हे भाच्याने स्वतः ध्यानात ठेवले. मग चाकांचे अलाइनमेंट करून घेतले. गाडी आता वळणावर पूर्वीइतकी डोलत नाही.

परवा रुग्णालयातून परतताना मातोश्रींनी विचारले, "आज रस्ता दुरुस्त केला वाटतं?" भाचा आरशात पाहून नुसता हसला.