गाडीतला गारवा जातो कुठे?

मैत्रिणींनो, दारातल्या जुन्या गाडीच्या एसीत दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागतो का? मग एक लक्षात ठेवा. हा गॅस शेगडीतल्यासारखा जळून संपत नाही, नळ्यांतून फिरतच राहतो. कमी झाला, म्हणजे कुठेतरी गळतोय!

जुन्या गाड्यांत आर-१२ गॅस असे. तो ओझोनचा थर विरळ करतो, म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार बंद झाला. त्याऐवजी आर-१३४ए भरतात. त्याचे कण लहान. जुन्या रबरातून चटकन निसटतात. म्हणून आधी गळती, मग गॅस.

गॅसबरोबर थोडं तेलही झिरपतं. सांध्यावर धूळ चिकटलेला तेलकट डाग दिसला की समजावं, पाणी इथेच मुरतंय. मेकॅनिकला दाबाने नायट्रोजन भरून सांध्यांना साबणाचा फेस लावायला सांगा. बुडबुडे आले की जागा सापडली.

कुकरची रिंग आपण बदलतोच ना? तशाच सांध्यांतल्या रबरी रिंगा बदलाव्यात, नव्या गॅसला चालतील अशा. ड्रायरही नवा घ्यावा. जुनं खनिज तेल नव्या गॅसमध्ये मिसळत नाही. ते न बदलल्यास कॉम्प्रेसर कोरडा पडून बिघडतो. शेवटी व्हॅक्यूम करून अर्धा तास काटा हलत नाही ना, ते पाहावं. नवा गॅस जुन्याच्या ८० ते ९० टक्केच पुरतो.

गळती बुजवणारं डब्यातलं औषध मात्र नको बरं का! आतल्या बारीक वाटा तुंबतात. कॉम्प्रेसरच्या खर्चापुढे चार रिंगांची किंमत ती काय?