जीवाश्मांची जात अंदाजाने ठरत नाही



ब्रायोझोआ या वसाहत करून राहणाऱ्या सूक्ष्म जलचरांच्या जीवाश्मांची जात केवळ अंदाजाने ठरते, हे गेल्या अंकातील लेखातले विधान पटले नाही. वसाहतीचा बाह्य आकार फसवा असतो, हे खरे. पाण्याचा प्रवाह आणि जागा यांनुसार तो बदलतो. म्हणूनच अभ्यासक केवळ त्यावर विसंबत नाहीत. अमेरिकेतील सिनसिनाटीच्या ऑर्डोव्हिशियन काळातील खडकांतील नमुन्यांचे तीन दिशांनी पातळ छेद घेऊन कोष्ठांच्या (वसाहतीतील एकेका जीवाच्या घरांच्या) भिंती आणि आडपडदे सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ब्रायोझोआंच्या चाइलोस्टोम गटात कोष्ठमुख आणि अंडकोष्ठ तपासतात. जॅक्सन व चीथम या संशोधकांनी १९९० मध्ये कॅरिबियन समुद्रातील जिवंत चाइलोस्टोमांची तपासणी केली, तेव्हा सांगाड्यावरून ठरवलेल्या जाती जनुकीयदृष्ट्याही वेगळ्याच निघाल्या. याला अंदाज म्हणायचे, तर पुरावा कशाला म्हणणार?

— एक वाचक