पटावरची सवय कामात उतरली पाहिजे

आपल्या दुकानदार आणि कारागीर कुटुंबांतील मुले आता सॉफ्टवेअरच्या कामाकडे वळू लागली आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र अशा घरांत एक वाद हमखास निघतो. मुलगा बुद्धिबळाचा पट मांडून बसला की काही वडिलांना तो वेळेचा नाश वाटतो. उलट काही पालक भरपूर फी भरून मुलाला बुद्धिबळाच्या क्लासला घालतात. डोके तल्लख होईल आणि पुढे मुलगा आपोआप चांगला प्रोग्रामर होईल, अशी त्यांची आशा असते. आमच्या मते दोघेही घाई करीत आहेत.

आधी फी भरणाऱ्यांविषयी. इंग्लंडमध्ये १०० शाळांतील सुमारे ४ हजार मुलांवर एक प्रयोग झाला आणि त्याचा अहवाल २०१६ मध्ये आला. निम्म्या शाळांत मुलांना बुद्धिबळ शिकवले, निम्म्यांत नाही. शिकवणे संपल्यावर एक वर्षाने गणिताची परीक्षा पाहिली, तेव्हा दोन्हींत फरक आढळला नाही. म्हणजे पटावरची हुशारी आपोआप दुसऱ्या कामात उतरत नाही.

याचे कारणही समजून घेण्यासारखे आहे. अमेरिकेतील विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये खेळाडूंना पाच सेकंद पट दाखवून तो आठवणीने मांडायला लावला. खऱ्या डावातील मांडणी असली की उस्ताद खेळाडू नवख्याच्या कितीतरी पुढे असे. पण मोहरे वाटेल तसे ठेवले की त्याची आघाडी जवळजवळ नाहीशी होई. १९८१ मध्ये प्रोग्रामरांवर असाच प्रयोग झाला. सरळ प्रोग्राम अनुभवी माणसाला चांगला आठवला, ओळी उलटसुलट केल्यावर मात्र त्याचे वर्चस्व राहिले नाही. उस्तादाचे बळ त्याच्या कामाच्या ओळखीत असते. सुताराची नजर लाकडावरच तयार होते, तशी प्रोग्रामरची नजर प्रोग्राम लिहून आणि दुसऱ्यांचे वाचूनच तयार होते.

मग बुद्धिबळाचा उपयोग काय? उपयोग आहे, पण तो सवयींचा आहे. पहिली सवय म्हणजे समोरच्याची चाल आधी पाहणे. आमच्या परिचयाच्या एका साड्यांच्या व्यापाऱ्याने बिलाचा प्रोग्राम करून घेतला. दाखवताना तो झकास चालला. दुकानात गर्दीच्या वेळी नोकराने तेच बटण दोनदा दाबले आणि एका विक्रीची दोन बिले झाली, साठ्यातून मालही दोनदा वजा झाला. पुढे एका गिऱ्हाईकाने पाचपैकी दोन साड्या परत आणल्या, तर तेवढ्याच परत घेण्याची सोयच नव्हती. महिनाअखेर कपाटातला माल आणि हिशेब जुळेना. लिहिणारा मुलगा हुशार होता, पण त्याने फक्त आपलीच चाल पाहिली होती. बुद्धिबळात मोहरा उचलण्यापूर्वी ‘आता समोरचा काय करील?’ हे विचारावेच लागते. प्रोग्राम लिहितानाही हाच प्रश्न हवा. रकाना रिकामा राहिला तर? नगाच्या जागी शून्य पडले तर? मध्येच वीज गेली तर?

दुसरी सवय हरलेला डाव तपासण्याची. स्पर्धेत खेळाडू प्रत्येक चाल लिहितो आणि हरल्यावर डाव पुन्हा मांडतो. मात शेवटी होते, चूक मात्र पुष्कळदा दहा चाली आधीच झालेली असते. ‘गिट’सारख्या साधनात प्रोग्राममधील बदलांची अशीच नोंद राहते. काल चालणारे काम आज बंद पडले, तर मधोमधचा बदल तपासावा. तिथपर्यंत ठीक असेल तर दोष पुढच्या निम्म्यात, नसेल तर मागच्या निम्म्यात. अशा रीतीने शंभर बदलांतून दोषी बदल सात तपासण्यांत सापडतो. रोजमेळातील चूक पान-पान मागे जाऊन शोधणाऱ्या आपल्या मुनीमाला हे नवे वाटणार नाही.

पण पट आणि बाजार यांत फरकही आहे. पटावर सारे उघडे असते आणि नियम बदलत नाहीत. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, तेव्हा बिलाच्या प्रोग्रामांना एका रात्रीत नवे नियम लागू झाले. पटावरची चाल मागे घेता येत नाही, प्रोग्राममधील चुकीची चाल मागे घेण्यात मात्र कमीपणा नाही. आणि समोर प्रतिस्पर्धी नसून गिऱ्हाईक असते. त्याला हरवायचे नसते, त्याचे म्हणणे ऐकायचे असते.

म्हणून पालकांना आमचे सांगणे असे : खेळाला मना करू नका आणि त्याच्यावर नोकरीची आशाही बांधू नका. पट स्वस्तात मिळतो. दिवसातून एक डाव, त्याच्या चाली लिहून, आणि मग डाव कुठे बिघडला यावर दहा मिनिटे, एवढे पुरे. उरलेला वेळ आणि फीचा पैसा प्रत्यक्ष कामाच्या तालमीला द्यावा. मुलाला आपल्याच दुकानाचा साठ्याचा हिशेब संगणकावर बसवायला सांगा. मग वडिलांनी शेजारी बसून वीस वर्षांच्या अनुभवातले प्रश्न विचारावेत : उधारी बुडाली तर? माल तुटका आला तर? मुलाला याहून चांगला प्रतिस्पर्धी कुठल्याही क्लासात मिळणार नाही.