शरभ, गॉडझिला आणि होडीतली माणसं

राजापुरीहून निघालेली शिडाची होडी जंजिऱ्याच्या तटाला पार भिडत आली, तरी दरवाजा कुठे आहे ते कळत नाही. कळतो तेव्हा दाराजवळच्या दगडात कोरलेलं जनावर नजर धरून ठेवतं. अंग वाघासिंहाचं, पंजांत पकडलेले हत्ती, आणि ते हत्ती त्याच्यापुढे उंदरांएवढे. हा शरभ. सिद्दीने आपलं बळ शत्रूला दाखवायला तो कोरला, असं वाटाडे सांगतात. पण शरभ एकट्या जंजिऱ्याचा नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी गडांच्या दरवाजांवर तो आहे आणि गडांचे धनी बदलले तरी अनेक ठिकाणी तो जागचा हललेला नाही. दाराच्या आत असलेल्याला तो राखणदार वाटतो, बाहेर उभ्या असलेल्याला काळ.

शैव पुराणांतली शरभाची कथा तर याहून पुढे जाते. हिरण्यकशिपूचं पोट फाडल्यावरही नरसिंहाचा क्रोध शमेना, जगच जळेल असं वाटू लागलं, तेव्हा शिवाने शरभरूप घेऊन त्याला आवरलं. वैष्णवांनी त्यावर आपली कथा रचली: शरभाला आवरण्यासाठी नरसिंहातूनच गंडभेरुंड हा दोन डोक्यांचा पक्षी प्रकटला. पंथांची ही चढाओढ आहे हे खरंच. तरी तिच्यात एक जाणतेपण आहे. दुष्टाला मारण्यासाठी जे बळ उठवलं जातं, ते काम झाल्यावर आपोआप निजत नाही. सिनेमातल्या महाकाय प्राण्यांबद्दल बोलताना ‘तो चांगला की वाईट’ एवढंच विचारून आपण थांबतो, ते या परंपरेच्या वारसांना शोभत नाही.

सिनेमातला गॉडझिला आला तो मासेमारांच्या दुःखातून, आणि कोळीवाड्यांच्या या किनाऱ्यावर ते आवर्जून सांगायला हवं. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. स्फोट सुमारे १५ मेगाटनांचा, म्हणजे हिरोशिमावरच्या बॉम्बच्या जवळजवळ हजारपट. जाहीर केलेल्या धोक्याच्या हद्दीबाहेर ‘दाइगो फुकुर्यू मारू’ ही जपानी बोट ट्यूना पकडत होती. तिच्यावर पांढरी राख पडली. २३ खलाशी होते, सगळे किरणोत्साराने आजारी पडले. बोटीवरचे रेडिओचालक आइकिची कुबोयामा सप्टेंबरमध्ये वारले. नोव्हेंबरात इशिरो होंडांचा ‘गोजिरा’, म्हणजेच पहिला गॉडझिला, पडद्यावर आला, तो समुद्रात अचानक झालेल्या लखलखाटाने आणि जळणाऱ्या बोटीनेच सुरू होतो. टोकियो नंतर पडतं. आधी बुडतात ते खलाशी, आणि बंदरावर त्यांची वाट पाहणारी घरं.

होंडांनी गोजिराला खलनायक केलं नाही. समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या प्राण्याला बॉम्बने उठवलं, हा त्याचा गुन्हा नव्हे. पण म्हणून त्याच्या पायाखाली गेलेल्यांचं मरण हलकंही होऊ दिलं नाही. त्याला मारण्याचं अस्त्र ज्याच्याकडे आहे, तो शास्त्रज्ञ सेरिझावा ते वापरताना स्वतःही समुद्रातच राहतो, कारण हे अस्त्र उद्या कुणाच्या हाती पडेल याची त्याला धास्ती आहे. शरभ आणि गंडभेरुंडाचाच हा पेच आहे. इथे माणूस त्यापुढची साखळी स्वतःचा जीव देऊन तोडतो.

नंतर या प्राण्याला माणसाळवण्यात आलं. १९५६च्या अमेरिकी आवृत्तीत अणुचाचण्यांचा उल्लेख बराचसा पुसला गेला. १९६४पर्यंत गॉडझिला तीन डोक्यांच्या गिदोराशी लढून पृथ्वी वाचवू लागला. आपल्या बाजूचा झाला की त्याने काय तुडवलं ते मोजायचं नाही, ही खोड तिथून लागली. २०२४च्या ‘गॉडझिला एक्स काँग’मध्ये गॉडझिला आणि काँग पिरॅमिडच्या पायथ्याशी एकमेकांशी भिडतात, रिओ शहरात दोघे मिळून शत्रूंशी. इमारती कोसळतात, आत कोण होतं हे चित्रपट विचारत नाही. मला हे नुसतं उथळ वाटत नाही, वाईट वाटतं. मोठ्या बळाला ‘आपलं’ म्हटल्यावर खालच्या माणसांकडे न पाहण्याची सवय थिएटरात लागते, आणि ती थिएटरातच राहील याची खात्री नाही.

आकारालाच अपराध समजण्याची चूक मात्र या किनाऱ्याने केली नाही. जून २०१५मध्ये रेवदंड्याच्या किनाऱ्यावर निळा देवमासा जिवंत लागला, सुमारे ४२ फुटांचा. पूर्ण वाढलेला निळा देवमासा शंभर फुटांच्या आसपासही जाऊ शकतो, म्हणजे हा लहानच. पाण्यात ते वजन समुद्र पेलतो. वाळूवर आल्यावर तेच वजन त्याच्या फुप्फुसांवर बसतं. कोळी आणि वनखात्याची माणसं त्याला पुन्हा पाण्यात ढकलण्यासाठी झटली, तो वाचला नाही. राक्षसांची शोकांतिका एवढीच की ते जन्मतःच फार उंच, फार बलवान, फार जड असतात, अशा आशयाचं होंडा म्हणत. रेवदंड्याला ते पडद्याशिवाय दिसलं.

जपानी सिनेमाला होडीतली माणसं पुन्हा आठवली. २०२३च्या ‘गॉडझिला मायनस वन’मध्ये लाकडी बोटीवर सुरुंग वेचणारी साधी माणसं त्याच्यासमोर उभी राहतात. सरकार हात वर करतं आणि शेवटी दोर ओढायला छोट्या टगबोटी येतात. दृश्य-परिणामांचं ऑस्कर त्याला मिळालं. ते मिळालं नसतं तरी त्या बोटींसाठी तो पाहावा.

मराठीत असा प्राणी कुणी पडद्यावर आणणार असेल, तर दिल्ली-मुंबईच्या मनोऱ्यांपासून सुरुवात करू नये. कॅमेरा राजापुरीच्या खाडीतल्या एखाद्या तांडेलाच्या होडीत ठेवावा. तो कोणत्या आवाजाने दचकला, जाळं कापून पळाला की थांबला, किनाऱ्यावर त्याच्या बायकोने कुणाला विचारलं, हे आधी दाखवावं. आणि समुद्राखाली तो प्राणी कुणी उठवला, हे नावानिशी सांगावं.